उतरायला घर

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आम्ही गेली कित्येक वर्षे वेदीवरून वाचत आलो आहोत. प्रभू आपल्या बहात्तर शिष्यांना दोघा-दोघांच्या जोडीने गावोगाव पाठवितो, तो हा प्रसंग. प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा कापणी आणि कामकरी ह्यांच्याच उपमेवर रेंगाळतो. परंतु वाचकांनी तो अध्याय घरी शांतपणे उघडून पाहावा. प्रभूच्या सूचनांपैकी निम्म्याहून अधिक सूचना राहण्या-जेवण्याच्या आहेत. सोबत थैली घेऊ नये, ज्या घराने दार उघडले त्याच घरी मुक्काम करावा, अधिक चांगली सोय दिसली म्हणून बिऱ्हाड हलवू नये, पुढ्यात जे येईल ते जेवावे. रोग्यांना बरे करण्याची आज्ञा येते ती पानावर बसल्यानंतर. आधी जेवण, मग काम, असा तो क्रम आहे.

हा क्रम आम्हांला नव्याने वाचावा लागला, त्यास आमच्या मुखेड परिसरातील एक मुलगी कारण झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेतलेली, हुशार, अबोल आणि एकदा मनात आणले की न ढळणारी. पोपमहाशय फ्रान्सिस ह्यांचे २०१५ सालचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आम्ही युवक मंडळात ओळीने वाचले होते. सृष्टी हे आपणां सर्वांचे सामायिक घर आहे, ही त्यातील मूळ कल्पना. मंडळातील बाकीची मुले झाडे लावून मोकळी झाली. ह्या मुलीने मात्र मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात समुद्री कासवांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून चार महिने जाण्याचा घाट घातला.

घरी खळबळ उडाली. नातलगांनी व्हिसाचे विचारले, विमानाच्या भाड्याचे विचारले, लग्नाचे तर विचारलेच. आईने मात्र आमच्याकडे येऊन तीनच प्रश्न टाकले : “फादर, लेकरानं निजायचं कुठं? खायचं काय? आन् संगं कोण?” बापाने काही विचारले नाही. उठता उठता एवढेच म्हणाले, “आमी उचल घेऊन कोपीत राह्यलो, फादर. ही पैसे भरून कोपीत राहते म्हणती.”

ह्या वाक्याने आम्हांला कित्येक दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. मुखेड, कंधार ह्या भागातील माणसे दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीला निघतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कारखान्याच्या फडावर पाचटाची किंवा ताडपत्रीची एक कोपी. वाकून आत जायचे, वाकूनच बाहेर यायचे. पाणी दुरून, दिवा नाही, शौचाला अंधार पडण्याची वाट पाहायची. ह्या मुलीच्या आईबापांनी असे बारा हंगाम काढले आणि त्यावर तिला शिकविले. आता तिने पदरचे पैसे मोजून दूरदेशीच्या कोपीत राहावयाचे, ह्यात बापाला दिसलेली विसंगती खोटी म्हणता येत नाही. स्वयंसेवकांच्या निवासाविषयी जगात पुष्कळ लिहिले जाते. ऊसतोडणी करणाऱ्यांच्या निवासाविषयी इतक्या आस्थेने कोणी लिहीत नाही. असो.

आम्ही शक्य तेवढी माहिती गोळा केली. पुण्याच्या सेमिनरीतील आमच्या एका जुन्या सहाध्यायाच्या ओळखीने, तिकडे राहून आलेल्या दोघांशी बोलणेही झाले. त्यांनी सांगितलेली दिनचर्या ऐकून आमची समजूत पार बदलली. समुद्रकिनाऱ्यावर फिरणे, छायाचित्रे काढणे असे काही नाही. कासवाची मादी रात्री वाळूत अंडी घालण्यास येते, म्हणून स्वयंसेवकाचा दिवस रात्री सुरू होतो. सायंकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत एक पाळी, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत दुसरी. अंगावर गडद रंगाचे कपडे, पायांत बूट, हातात लाल काच लावलेला दिवा, कारण पांढऱ्या उजेडाला बुजून मादी अंडी न घालताच परत फिरते. भुसभुशीत वाळूतून चार-चार तास पायपीट. पाऊस पडला तरी पाळी चुकत नाही. दिवसा झोपावयाचे ते लाकडी खोलीत, एकावर एक अशा बाजांवर, मच्छरदाणीत. एका खोलीत सहा-आठ जण, चार देशांचे, चार तऱ्हांनी घोरणारे. न्याहारीला भात आणि काळा घेवडा, दुपारी भात आणि काळा घेवडा, रात्री पुन्हा तेच, सोबत कधी केळी. धुणे हाताने. स्वयंपाकघराचा ओटा आळीपाळीने पुसावयाचा. आणि ह्या सर्वांसाठी आठवड्याच्या हिशेबाने पैसे भरावयाचे.

हा पैशाचा मुद्दा आमच्या धर्मग्राम मंडळात फार गाजला. “सेवा करायची आणि वर फी द्यायची, हा कुठला न्याय?” असे एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारले. आमचे मत त्यांच्याहून थोडे वेगळे पडले. जेवणाऱ्या माणसाचे जेवण कोणाच्या तरी खिशातून येते. स्वयंसेवकाने दिले नाही, तर ते त्या किनाऱ्यावरच्या गरिबाच्या खिशातून जाईल, अथवा दूरच्या देणगीदाराकडून येईल. तेव्हा पैसे भरावे लागतात म्हणून बिचकू नये. भरलेल्या पैशांतले किती त्या गावात राहतात आणि किती मधला दलाल नेतो, एवढे मात्र खोदून विचारावे. ज्या संस्थेला ह्याचे उत्तर देता येत नाही, तिच्याकडे आपले लेकरू पाठवू नये.

सर्वत्र पैसेच भरावे लागतात असेही नाही. १९७१ साली लंडनमधील स्यू कॉपर्ड ह्या सेक्रेटरी बाईंनी शहरी लोकांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतीवर कामाला नेण्याचा उपक्रम काढला. आज तो ‘वूफ’ ह्या नावाने अनेक देशांत पसरला आहे. दिवसातून काही तास शेतावर राबावे, मोबदल्यात त्याच शेतकऱ्याच्या घरी राहावे-जेवावे, पैशाचा व्यवहार दोन्हीकडून नाही. जर्मनीत १९९३ पासून कायद्याने चालत आलेले ‘स्वयंसेवी पर्यावरण वर्ष’ आहे. सत्तावीस वर्षे पूर्ण न झालेल्या तरुणांना तेथे वर्षभर निसर्गरक्षणाचे काम मिळते. त्यांना हातखर्चाला थोडी रक्कम आणि विम्याचे संरक्षण असते, आणि बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय किंवा त्यापोटी भत्ताही असतो. परदेशी मुलांनाही ते खुले आहे, जर्मन मात्र कामापुरती आली पाहिजे. आमच्या मुलीस जर्मन येत नव्हते, स्पॅनिश ती आपल्या आपण शिकली होती. मुलामुलींना परदेशी धाडू इच्छिणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पर्यटकाच्या व्हिसावर बिनपगारी कामदेखील अनेक देशांना चालत नाही. ते आधी त्या देशाच्या वकिलातीत लेखी विचारून घ्यावे, मध्यस्थाच्या तोंडी भरवशावर राहू नये.

“संगं कोण?” हा आईचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता. त्याचे उत्तर देताना आम्ही तिच्यापासून काही लपविले नाही. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मोइन नावाची पुळण आहे. २०१३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री हायरो मोरा सांदोवाल हा सव्वीस वर्षांचा स्थानिक तरुण तेथे गस्त घालीत होता. त्याच्यासमवेत चार परदेशी स्वयंसेविका होत्या. कासवाची अंडी चोरून विकणाऱ्या टोळीने त्यांना पकडले. चौघी कशाबशा सुटल्या. हायरोचा मृतदेह सकाळी वाळूत सापडला. पहिल्या खटल्यात आरोपी सुटले, पुढे २०१६ मध्ये फेरखटल्यात चौघांना शिक्षा झाली. सर्वच किनारे असे नाहीत, त्या देशात सुरक्षितपणे राहून आलेले हजारो आहेत, हेही आम्ही तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या पोराची माय कुठं असती?” परक्या मुली विमानाने आपापल्या घरी गेल्या, तो मात्र तेथलाच होता. हे त्या माउलीने आमच्या आधी ओळखले.

पाहुणा चार महिन्यांनी जातो आणि किनारा तेथल्या माणसांच्या गळ्यात राहतो. मग पाहुण्याच्या येण्याने त्या माणसांच्या गळ्यातला भार हलका होतो की वाढतो? हे ज्या एका गोष्टीवरून ओळखता येते ती, आमच्या मते, पाहुण्याचे बिऱ्हाड होय. तो कोणाच्या घरी उतरला, कोणाच्या चुलीवर जेवला, त्याचा पैसा कोणाच्या डब्यात पडला, हे पाहावे म्हणजे त्याचे काम कोणाचे आहे ते कळते. ही गोष्ट आम्ही परदेशात जाऊन शिकलो नाही. ती आम्हांला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी दिसली.

मुलगी हट्टाला पेटलेली, आईबाप हवालदिल, तेव्हा आम्हीच तोड काढली की आधी आपल्या देशातले कासवांचे गाव तरी पाहू. २०२३ च्या मार्चमध्ये युवक मंडळातील चौदा मुलेमुली, दोन सिस्टर आणि ही आई, असे आम्ही निघालो. मुखेडहून नांदेड, तेथून रेल्वेने पुणे, पुढे महाडवरून मंडणगड आणि मंडणगडहून घाटवळणांनी उतरत वेळास. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मुरमाड माळरानावरच्या माणसाला पहिल्यांदा समुद्र दिसतो तेव्हा तो बोलत नाही. तशी सारी मुले गप्प उभी राहिली. आई मात्र पाणी चाखून पाहून म्हणाली, “एवढं पाणी आन् सगळं खारट!”

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव, बाणकोटच्या खाडीजवळचे. माडा-सुपारीच्या वाड्या आणि लाल चिऱ्यांची कौलारू घरे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या भाऊ काटदरे ह्यांना २००२ साली ह्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी आढळली. अंडी माणसेही नेत, कुत्री-कोल्हेही उकरीत. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात, पण सकाळी टरफलेच उरत. संस्थेने गावातील तरुणांना हाताशी धरले. पहाटे मादीचा माग काढावयाचा, घरटे हलक्या हाताने उकलावयाचे, अंडी मोजून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरावयाची. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात, ती पाण्याकडे सोडावयाची. एवढेच काम, पण ते रोज केले पाहिजे, आणि रोजच्या कामाला रोजची भाकर लागते. हा प्रश्न सुटला तो २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या कासव महोत्सवाने. पिल्ले पाहण्यास पाहुणे येऊ लागले. गावात हॉटेल नव्हते, म्हणून ते घरांतूनच उतरले.

ह्या योगायोगात सगळे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. हॉटेल असते तर पैसा हॉटेलवाल्याने नेला असता आणि अंडी पूर्वीसारखीच गेली असती. घराघरांतून पाहुणे उतरले, म्हणून घराघराला कासव आपले वाटू लागले. जी बाई सकाळी पाहुण्यांपुढे घावन ठेवते, ती संध्याकाळी पोराला विचारते, आज जाळीत किती आली? तिचा संसार आणि त्या मुक्या जीवाचा संसार एकमेकांत अडकला आहे. कोस्टा रिकातदेखील ओस्तियोनाल नावाच्या गावी असेच झाले. तेथे ह्याच जातीची कासवे लाटांसारखी एकत्र येऊन अंडी घालतात. सरकारने गावकऱ्यांना पहिल्या काही दिवसांतली अंडी गोळा करण्याची मुभा दिली आणि बदल्यात गावकरी किनारा राखतात. आमच्या सिस्टरांना ही तडजोड पटली नाही. आम्हांला पटली. उपाशी माणसाला रक्षक नेमावयाचे तर त्याच्या ताटाचा विचार आधी करावा लागतो.

आम्ही दोन घरांत विभागून राहिलो. ओटीवर गाद्या अंथरलेल्या, एक मोठी खोली मुलींना. आंघोळीला विहिरीचे पाणी, तेही बेताने वापरा म्हणून सांगितलेले. रात्री समुद्राकडे उजेड जाऊ नये ह्यासाठी अंगणातला दिवा मालविलेला. जेवण साधे, शाकाहारी : भात, आमटी, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, सोलकढी. आमच्या मुलांना भातावर राहण्याची सवय नाही. दुसऱ्या दिवशी दोघे जण ‘पोट भरलंच नाही’ म्हणून कुरकुरले, तेव्हा आम्ही त्यांना लूकचा दहावा अध्याय ऐकविला. भाताने न भरलेले पोट शुभवर्तमानाने कितपत भरले, हे त्यांनाच ठाऊक.

घरधनीण आणि आमची आई ह्यांचे पहिल्याच संध्याकाळी सूत जमले. दोघींची मराठी एकमेकींना अर्धीच कळत होती. आई आमच्या मुखेडी ढंगात बोले, कोकणातली बाई हेल काढून उत्तर देई. सकाळी सातच्या सुमारास पुळणीवर टोपली उचलली. खाली तळहातापेक्षाही लहान अशी नऊ काळी पिल्ले वळवळत होती. ती वाळूवर सोडली आणि एकेक करीत पाण्यात दिसेनाशी झाली. हजारांत एखादेच मोठे होते म्हणतात. २०२२ च्या जानेवारीत ह्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले आणि तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. गावातील मुले तिच्याविषयी सासरी गेलेल्या बहिणीविषयी बोलावे तशी बोलत होती.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, “तिथल्या घरात बाई हाय का, तेवढं इचारा फादर.” कोस्टा रिकाविषयी म्हणत होती. पंधरा दिवसांपूर्वीचे तीन प्रश्न एका प्रश्नात आले होते.

परदेशी माणूस आपल्याकडे येतो तेव्हा काय होते, हेही ह्यानिमित्ताने आठवले. १९५४ साली आंतरराष्ट्रीय नागरी सेवा संघटनेचे काही तरुण स्वयंसेवक निरनिराळ्या देशांतून वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आले आणि बाबा आमटे ह्यांच्या कुष्ठरुग्णांसमवेत राबून त्यांनी तेथे इमारती उभारल्या. ही संघटना पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेझोल ह्या स्विस गृहस्थांनी काढली होती आणि १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारात येऊन राहिले होते. आनंदवनातल्या त्या पाहुण्यांनी भिंती बांधल्या, ते काम मोठे खरेच. पण कुष्ठरुग्णांनी पिकविलेले अन्न ते रुग्णांच्या सोबतीने जेवले, हे त्याहून मोठे काम आम्ही समजतो. भिंत गवंड्यालाही बांधता आली असती.

आणि फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत गेले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचे पाणलोट विकासाचे काम त्यांनी जर्मनीच्या साहाय्याने उभे केले, १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या कार्यक्रमात गावाला आधी श्रमदान करून दाखवावे लागे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागे. परक्या माणसाला गावाने असा कडक नियम का पाळू दिला? तो पाहुणा राहिला नव्हता म्हणून. सर्वच स्वयंसेवकांना आयुष्य देता येत नाही. चार महिनेच देता येतात, त्या चार महिन्यांत कसे राहावे हा प्रश्न उरतोच. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत परक्या मठातून आलेल्या पाहुण्या संन्याशाविषयी मोठी शहाणी व्यवस्था घालून दिली आहे. जे मिळेल त्यात तो संतुष्ट असेल तर त्याला हवे तितके राहू द्यावे, आणि त्याने नम्रपणे काही उणीव दाखविली तर देवाने ह्याचसाठी त्याला धाडले असेल, असा मठाधिपतीने विचार करावा.

आता आमच्याकडचे सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मुखेड तालुक्यातील एका वाडीत नाला खोल करण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामासाठी पुण्याच्या महाविद्यालयातील नऊ मुलेमुली आली. त्यांच्यासोबत दोन परदेशी तरुणी होत्या, एक जर्मन आणि एक बेल्जियन. मुक्काम अठरा दिवसांचा. त्यांना उतरवावयाचे कुठे, म्हणून बैठक बसली आणि आम्हांलाही बोलावणे आले. मुलांची सोय शाळेत झाली. मुलींसाठी गावातील एका मोठ्या वाड्याचे नाव निघाले. घर भले, माणसे सज्जन, न्हाणीघर पक्के. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक विधवा मावशी मागून म्हणाली, “आमच्याकडं बी खोली हाय की.”

बैठक गप्प झाली. त्या शांततेचा अर्थ मराठवाड्यात वाढलेल्या वाचकाला उलगडून सांगण्याची गरज नाही. आमची वस्ती गावकुसाबाहेर आहे, आमचे बाप्तिस्म्याचे दाखले फार जुने नाहीत, आणि दाखल्याने पाणवठा बदलत नाही, हे आम्ही जाणतो. कोणी ‘नको’ म्हणाले नाही. ‘गैरसोय होईल’ म्हणाले. मराठवाड्यात गैरसोय हा शब्द फार सोयीचा आहे. शेवटी त्या दोघी परदेशी मुलींनाच विचारण्यात आले. काय चालले आहे ते त्यांना नीट कळले नाही, पण पुण्याच्या एका मुलीने बाजूला नेऊन त्यांना समजाविले. परत येऊन त्यांनी मावशीच्या घराकडे बोट दाखविले.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शुनेमच्या बाईची कथा आहे. अलीशा संदेष्टा येता-जाता आपल्या घरी जेवतो, हे पाहून तिने नवऱ्याला सांगून गच्चीवर त्याच्यासाठी लहानशी खोली बांधविली आणि तीत चार वस्तू ठेवल्या : बाज, मेज, बसावयास आसन आणि दिवा. मावशीने त्या रात्री नेमके तेच केले, फक्त मेजाऐवजी शिलाईयंत्राचे फळकूट होते. दोन मच्छरदाण्या मुखेडच्या बाजारातून आणल्या. शौचालयाला दार नव्हते, ते आमच्या युवक मंडळाच्या मुलांनी रातोरात बसविले. वर्षभर ते दार बसविण्यास कोणाला सवड झाली नव्हती. पिण्याचे पाणी उकळून ठेवावयाचे ठरले. जेवण ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, ठेचा. जर्मन मुलीचे चौथ्या दिवशी पोट बिघडले, ते साखर-मिठाच्या पाण्याने सावरले. बेल्जियन मुलगी भाकरी थापावयास शिकली, तिच्या भाकरीला शेवटपर्यंत गोलाई आली नाही. मावशीला खानावळीचे पैसे हिशेबाने दिले गेले. ती घेत नव्हती, ते आम्ही घ्यावयास लावले. कामकऱ्याला मजुरीचा हक्क आहे, हे त्याच दहाव्या अध्यायात आहे, आणि चुलीपुढचे काम हेही कामच आहे.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्या मोठ्या वाड्यातील मालकीणबाई पाहुण्या मुलींना भेटण्यास वस्तीत आल्या. प्रथम दारात उभ्या राहिल्या, मग ओट्यावर टेकल्या. मावशीने चहा पुढे केला. त्यांनी कप हातात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग प्याल्या. दुसऱ्या दिवशी गावात नाल्याच्या खोलीपेक्षा त्या चहाचीच चर्चा अधिक झाली. स्वयंसेवक गेल्यावर त्या पुन्हा आल्या का? नाही आल्या. पण मावशीची सून बाळंत झाली तेव्हा वाड्यावरून खारीक-खोबरे आले, हेही येथे नोंदविले पाहिजे. नाल्यात पहिल्या पावसाचे पाणी थांबले. किती काळ थांबेल, हे गाळ काढण्यावर अवलंबून राहील.

आमची मुलगी त्या अठरा दिवसांत रोज वस्तीत होती. दोन्ही पाहुण्या मुलींशी ती काय बोलली, आम्हांला कळले नाही. त्यानंतर तिने कोस्टा रिकाचा बेत रद्द केला नाही, पुढे ढकलला. २०२५ च्या जानेवारीत ती वेळासजवळच्या एका गावी कासवांच्या हंगामासाठी गेली आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत राहिली. एका कुटुंबात तिचे बिऱ्हाड होते, खानावळीचे पैसे ती दरमहा देई, पहाटे गावातल्या मुलांबरोबर पुळणीवर माग काढण्यास जाई. घरात बाई होती, हे आईने आधी फोनवर बोलून खात्री करून घेतले होते.

मार्चमध्ये ऊसतोडीचा पट्टा पडल्यावर आईबाप तिला भेटण्यास गेले. बापाने आधी घराभोवती एक फेरी मारली, छपराचा वासा हाताने हलवून पाहिला, मग आत गेले. जाताना त्यांनी दहा किलो ज्वारीचे पीठ खांद्यावरून नेले होते. त्या घरच्या बाईला ज्वारीची भाकरी थापता येईना. पीठ चिरत होते. तेव्हा आईने पदर खोचला, पाणी गरम करावयास सांगितले आणि परातीपुढे बसली. त्या रात्री पानात एक तांदळाची भाकरी होती आणि एक ज्वारीची. कोकणातल्या मुलांनी ज्वारीची आधी संपविली.